मुलांचे लाल गाल आणि चिठ्ठीविना आलेली ट्यूब

बेळगाव-निपाणी पट्ट्यात मुलाचे गाल लाल झाले की निदान आधी घरात होतं. ऊन लागलं, उष्णता झाली, पित्त उठलं, वारं बाधलं, यातलं एखादं कारण ठरतं आणि चार दिवसांत लाली गेली तर ते खरंही मानलं जातं. महिनोन्‌महिने न हटणाऱ्या लालीचं तसं नसतं. गाल, नाक, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या येतात, उन्हातून आल्यावर चेहरा पेटतो, मलमाची ट्यूब लावली की उतरतो, थांबवली की दुप्पट चढतो. असं मूल घेऊन पालक निपाणीहून कोल्हापूरला, खानापूरहून बेळगावला किंवा थेट मिरजेला पोहोचतात, तेव्हा कधी कधी 'रोझेशिया' हे नाव पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडतं.

त्या नावाखाली दोन गोष्टी येतात. एक मूळचा रोझेशिया: मुलांत क्वचित होणारा आणि आपल्या सावळ्या कातडीवर सहज नजरेतून सुटणारा. दुसरा स्टिरॉइड मलमांमुळे ओढवलेला, पहिल्याची हुबेहूब नक्कल करणारा. भारतातल्या त्वचारोग ओपीडीत बोलबाला आहे तो दुसऱ्याचा. पहिल्याची माहिती नीट असल्याशिवाय दुसरा ओळखता येत नाही, म्हणून दोन्हींचा एकत्र आढावा घेणं भाग आहे.

आजार नेमका काय

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मधल्या भागाचा जुनाट दाह आहे. सुरुवातीला चेहरा अधूनमधून तापून लाल होतो आणि उतरतो. पुढे ती लाली मुक्कामाला येते, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या उघड दिसू लागतात, लाल पुटकुळ्या आणि पूभरले फोड उठतात. काही प्रौढांत, विशेषतः पुरुषांत, नाकाची कातडी जाड होऊन नाक गाठाळतं. फ्लॉरेन्सचा चित्रकार डोमेनिको गिरलांडायो याने १४९० च्या सुमारास काढलेलं आजोबा आणि नातवाचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातल्या आजोबांचं नाक असंच गाठाळलेलं आहे आणि त्यांच्याकडे टक लावून पाहणाऱ्या नातवाचा चेहरा नितळ. वैद्यकाची समजूतही बराच काळ या चित्रासारखीच राहिली: आजार आजोबांचा, नातवाचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रौढांतला रोझेशिया युरोपात सर्वसामान्य आहे. स्वीडनमध्ये १९८९ साली ८०९ नोकरदारांची तपासणी झाली, तेव्हा दर शंभरांत दहा जणांना तो आढळला. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०१८ साली काढलेला प्रौढांचा आकडा शंभरात पाचच्या आसपास आहे. जुळ्या भावंडांवरच्या २०१५ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा ठरवला. बाकीचा बाहेरच्या गोष्टींचा.

आतली यंत्रणाही आता बरीचशी उलगडली आहे. जंतूंशी लढण्यासाठी आपली त्वचा कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन तयार करते. रोझेशियाच्या रुग्णांत ते प्रमाणाबाहेर बनतं आणि चुकीच्या जागी तुटतं. त्या तुकड्यांनी दाह भडकतो आणि रक्तवाहिन्या फुलतात, असं २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. केसांच्या मुळाशी राहणारा डेमोडेक्स हा डोळ्यांना न दिसणारा किडा मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर असतो. रोझेशियात त्याची संख्या वाढते आणि दाहाला आणखी खतपाणी मिळतं. लहान मुलांच्या त्वचेत तेल कमी असल्यामुळे हा किडाही कमी असतो. आजार मुलांत विरळा असण्याचं हे एक कारण मानलं जातं.

मुलांत तो कसा दिसतो

मुलांतल्या रोझेशियावरचं वैद्यकीय लेखन बहुतांशी एकेका रुग्णाच्या नोंदींचं आणि लहान गटांचं आहे. त्यातला महत्त्वाचा टप्पा २००८ सालचा. फ्रान्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २० मुलांची तपासणी करून निदानाच्या पाच खुणा मांडल्या: वारंवार किंवा कायम राहणारी चेहऱ्याची लाली, दुसरं कारण नसताना दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पुळ्या नसताना आलेले फोड, चेहऱ्याच्या उंचवट्यांवरच आजाराचा मुक्काम, आणि डोळ्यांचा त्रास. यातल्या दोन जुळल्या तरी रोझेशियाचा विचार करावा, असं त्यांनी सुचवलं.

पाचवी खूण आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. पुष्कळ मुलांत कातडीच्या आधी डोळे बोलतात, कधी कधी तर फक्त डोळेच. पापण्यांच्या कडा सुजतात, सकाळी चिकटतात, डोळे लाल राहतात आणि रांजणवाडी एक गेली की दुसरी येते. घरात लवंग उगाळून लावली जाते, बोट तळव्यावर घासून शेकलं जातं, रांजणवाडी बसतेही. पण वर्षातून चार-पाचदा रांजणवाडी येणाऱ्या मुलाच्या गालांकडे कोणी बघत नाही आणि गाल लाल असलेल्या मुलाला रांजणवाडीविषयी कोणी विचारत नाही. मूल डोळ्यांच्या डॉक्टरकडे एका दिवशी जातं, त्वचेच्या डॉक्टरकडे दुसऱ्या गावात दुसऱ्या दिवशी. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवून वाचणारं माणूस नसतं.

निपाणी परिसरात यात आणखी एक गुंता आहे. तंबाखू निवडणं, वाळवणं आणि बिड्या वळणं हे इथल्या असंख्य घरांचं पोट. तंबाखूच्या धुळीने डोळे चुरचुरतात, हे इथे सांगावं लागत नाही. त्यामुळे मुलाचे डोळे लाल दिसले की खापर आपोआप धुळीवर फुटतं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. मात्र धुळीपासून दूर शाळेत, सुट्टीत मामाच्या गावीही डोळे लालच राहत असतील, उजेड सहन होत नसेल, डोळा दुखत असेल, तर ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. उपचाराविना तिथे व्रण पडतो आणि नजर कायमची अधू होऊ शकते. बुबुळाच्या कडेला बारीक पांढरट फोड आला तर डॉक्टर क्षयरोगाचीही तपासणी सांगतात. भारतात अशा फोडांमागे क्षय असण्याची शक्यता जुन्या काळापासून ओळखीची आहे, त्यामुळे ती तपासणी टाळू नये.

सावळ्या कातडीवर लाली शोधायची कशी

रोझेशियाची पाठ्यपुस्तकं गोऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर लिहिली गेली. गुलाबी गालांवरचा गडद लाल पट्टा कोणालाही दिसतो. गव्हाळ किंवा सावळ्या गालावर तीच लाली तांबूस-तपकिरी, कधी नुसती काळपट दिसते. आई म्हणते, "पोर उन्हात काळवंडलं," आणि ते कोणालाच खोटं वाटत नाही. गेल्या दशकात या प्रश्नाकडे त्वचारोगतज्ज्ञांचं लक्ष वळलं. गडद वर्णाच्या लोकांत रोझेशिया वाटतो तितका दुर्मीळ नाही, तो नोंदवला कमी जातो आणि निदानाला उशीर होतो, असं आता अनेक आढाव्यांत मांडलं गेलं आहे.

म्हणून तपासणीची रीत बदलावी लागते. डॉक्टर काचेची पट्टी गालावर दाबतात. रंग फिका पडून पुन्हा भरला तर तो रक्तवाहिन्यांतला, न बदलल्यास कातडीच्या रंगद्रव्याचा. भिंगाच्या दिव्याखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू शकतं. आणि सर्वांत मोलाची असते ती विचारपूस: चेहऱ्याची आग होते का, उन्हात की चुलीपुढे, गरम चहानंतर की पळून आल्यावर, साबणाने झोंबतं का? सावळ्या चेहऱ्यावर लाली लपते, आग लपत नाही.

आग भडकवणाऱ्या गोष्टींची या भागात ददात नाही. मार्च ते मे महिन्यांचं ऊन, चुलीची धग, हंगामात गुऱ्हाळातल्या चुलाणाची धग, घाटावरचा झोंबरा वारा आणि ताटातली संकेश्वरी मिरची. यांनी आजार होत नाही, असलेला आजार चाळवतो. हा फरक पालकांना सांगणं गरजेचं आहे, नाहीतर पोराचं तिखट तोडलं जातं आणि ट्यूब तशीच चालू राहते. कोणत्या गोष्टीने त्या विशिष्ट मुलाचा चेहरा पेटतो ते दोन-तीन आठवडे टिपून ठेवावं आणि तेवढीच गोष्ट टाळावी.

ट्यूबची कहाणी

आता दुसऱ्या, मोठ्या प्रकाराकडे. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडचा इतिहास १९५२ साली सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमाचा गुण दाखवला. इसबाने रात्र-रात्र खाजवणाऱ्या रुग्णांना त्याने झोप दिली. पुढच्या दशकात बीटामेथासोनसारखी कितीतरी पट तेज औषधं आली. १९६९ साली इंग्लंडमधल्या शेफील्डचे इयन स्नेडन यांनी धोक्याची घंटा वाजवली: हीच तेज मलमं चेहऱ्यावर लावत राहिल्याने रोझेशिया बिघडतो आहे. १९७४ साली लेडेन, थ्यू आणि क्लिगमन यांनी या अवस्थेचं वर्णन 'स्टिरॉइड रोझेशिया' याच नावाने केलं. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, याच क्लिगमन यांनी विलिस यांच्यासह काळे डाग घालवण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं तिहेरी मिश्रण मांडलं. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोड्या काळासाठी वापरायचा तो उपाय होता. भारतात त्याच्या सुधारित आवृत्त्या रंग उजळायच्या क्रीम म्हणून गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचल्या.

स्टिरॉइड लावल्यावर रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, चेहरा दोन-तीन दिवसांत उजळ आणि गुळगुळीत दिसतो. औषध लागू पडलं, अशी खात्री पटते. त्याच काळात कातडीचा आधार असलेलं कोलॅजन झिजू लागतं, कातडी पातळ होते, जंतू आणि डेमोडेक्सला मोकळं रान मिळतं. ट्यूब थांबवताच दाबलेली स्प्रिंग सुटावी तशा रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, फोड उठतात. मग घरातलं माणूस स्वाभाविकच तीच ट्यूब पुन्हा आणतं. हे चक्र महिनोन्‌महिने चालतं. कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्टिरॉइडने बिघडलेल्या, स्टिरॉइडवर अवलंबून राहिलेल्या चेहऱ्याला स्वतंत्र वैद्यकीय नाव दिलं आणि ते आता जगभर वापरलं जातं.

हा प्रश्न किती पसरला आहे, याचा ठोस आकडा २०११ साली छापून आला. देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे शंभरात जवळपास पंधरा, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्यांतले २९ टक्के ते गोरेपणासाठी, रोजची क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावत. साठ टक्क्यांच्या आसपास लोकांना ते डॉक्टरने सांगितलेलंच नव्हतं. मेडिकलवाला, शेजारीण, मित्र, नातेवाईक अशा कोणी तरी सुचवलं होतं. आणि डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठ्यांतही ४४ टक्के त्वचारोगतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांच्या होत्या. दोष फक्त काउंटरवर टाकता येणार नाही.

मुलांपर्यंत हे मलम अनेक वाटांनी येतं. बाळाच्या लंगोटाच्या पुरळासाठी आणलेली ट्यूब गालावर लागते. मोठ्या बहिणीची क्रीम गॅदरिंगच्या आधी धाकटीला लावली जाते. नायट्यासाठी स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र केलेलं मलम घरात सगळ्यांचं असतं. गालांवरचे फिकट पांढरे चट्टे पुष्कळ शाळकरी मुलांना होतात आणि काळजीपूर्वक तेल-मलम लावलं तर हळूहळू जातात, पण जंत किंवा कॅल्शियमची कमतरता समजून गोळ्या दिल्या जातात आणि त्यांवरही तीच ट्यूब फिरते. दम्याच्या मुलांत वाफेच्या मुखवट्यातून स्टिरॉइड चेहऱ्यावर बसूनही तोंडाभोवती पुरळ उठतं. तिथे औषध बंद करायचं नसतं. प्रत्येक वेळी चेहरा धुवायचा आणि मुखवटा नीट बसवायचा असतो.

मुलांना धोका जास्त असण्याचं कारण गणिताचं आहे. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे शरीरात शोषलं जाणारं औषधही मानाने जास्त. तेज मलम मोठ्या भागावर दीर्घकाळ लावलं तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचं काम मंदावतं, चेहरा गोल सुजतो, वाढ खुंटते. साध्या, सौम्य मलमाचा भरवसाही चेहऱ्यावर फसवा ठरतो. अमेरिकेत डेन्व्हर इथे वेस्टन आणि मोरेली यांनी २००० साली वयात न आलेल्या १०६ मुलांतल्या स्टिरॉइड रोझेशियाचा अहवाल दिला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी वापरलं होतं ते सर्वांत सौम्य वर्गातलं, तिथे चिठ्ठीविना मिळणारं स्टिरॉइड. त्याच अहवालातला दिलासा असा, की मलम थांबवून तोंडावाटे योग्य औषध दिल्यावर आठ आठवड्यांच्या आत सगळ्या मुलांचे चेहरे निवळले.

कायदा आणि सीमा

त्वचेवर लावायची स्टिरॉइडं भारतात बराच काळ कायद्याच्या एका फटीतून विकली गेली: गोळी-इंजेक्शनला चिठ्ठी लागे, अंगाला लावायच्या प्रकाराला सूट होती. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने गैरवापराविरुद्ध खास कृतिदल नेमून पाठपुरावा केला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइडांना अनुसूची 'एच'मध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीविना विक्री बंद केली. त्याआधी मार्च २०१६ मध्ये ३४४ औषधमिश्रणांवर बंदी आली होती; ती न्यायालयात अडकली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने लागू झाली. त्यांत त्वचेवर लावायची काही स्टिरॉइड मिश्रणंही होती.

कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याची. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याअलीकडे बेंगळूरुची औषध नियंत्रण यंत्रणा, पलीकडे मुंबईचं अन्न व औषध प्रशासन. माणसं मात्र दोन्हीकडे राहतात. लेक कागलला दिलेली, सासुरवाडी गडहिंग्लजची, बाजारहाट निपाणीत, मोठं आजारपण बेळगावात. ट्यूब जिथे मिळेल तिथून येते आणि तिची नोंद कोणत्याच फाइलीत राहत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ साली घेतला, कर्नाटकाने त्याला हरकत घेतली, दोन्हीकडे पत्रकार परिषदा झाल्या. ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. लाल गालांचा हा प्रश्न ओपीडीत आणि दुकानाच्या फळीवर सुटतो किंवा बिघडतो, आणि तिथे अजून कोणत्याही सरकारला हक्क सांगावासा वाटलेला नाही.

दवाखान्यांची मात्र या पट्ट्यात वानवा नाही. बेळगावात केएलई संस्थेचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि १९६३ पासूनचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, शासकीय बिम्सचं जिल्हा रुग्णालय, कोल्हापुरात सीपीआर, मिरजेत १८९४ पासूनचं वॉनलेस रुग्णालय. निपाणीचं मूल यांपैकी कुठेही तासा-दोन तासांत पोहोचतं. पोहोचायला महिने लागतात ते मधल्या ट्यूबांमुळे.

रोझेशियासारखे दिसणारे इतर

प्रत्येक लाल गाल रोझेशिया नसतो, किंबहुना बहुतेक नसतात. अर्भकांचा इसब गालांवरच येतो, पण तो खाजतो, खरबरीत असतो आणि हातापायांवरही सापडतो. मुरमांत काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पुळ्या असतात, रोझेशियात नसतात. पार्व्होव्हायरसच्या संसर्गात थोबाडीत मारल्यासारखे दोन्ही गाल अचानक लाल होतात आणि पुढे हातापायांवर जाळीदार पुरळ येतं. ते आपोआप जातं. चेहऱ्यावरच्या नायट्याची कड उठावदार असते, पण स्टिरॉइड लावलेल्या नायट्याची ती ओळखच पुसली जाते. गेल्या दशकभरात भारतभर हट्टी नायट्याची जी साथ पसरली, तिला खतपाणी घालण्यातही याच मिश्र मलमांचा हात आहे. तोंडाभोवती आणि डोळ्यांभोवती कातडीच्याच रंगाचे बारीक उंचवटे येणारा एक प्रकार गडद वर्णाच्या मुलांत विशेष दिसतो. तो रोझेशियाचाच चुलतभाऊ मानला जातो आणि तोही स्टिरॉइडने चिघळतो.

काही लाल गाल मात्र थांबू देत नाहीत. लाली गरम, दुखरी आणि तासातासाला पसरणारी असेल, सोबत ताप असेल, तर ते धावरं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखरासारखी पसरलेली लाली, जोडीला सांधेदुखी, तोंडातले व्रण, थकवा असेल तर ल्युपसची तपासणी हवी. आणि उजेड न सोसणारा, दुखणारा डोळा एक दिवसही लांबवू नये.

उपचार

स्टिरॉइडने आलेल्या रोझेशियात पहिला उपचार म्हणजे ती ट्यूब बंद. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी ती एकदम थांबवली. फार तेज मलम फार दिवस लावलेलं असेल तर काही डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात किंवा मधल्या काळात स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमससारखं मलम देतात. कोणत्याही वाटेने गेलं तरी पहिले काही दिवस-आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. ही गोष्ट पालकांना आधीच समजावली नाही, तर तिसऱ्या दिवशी दुसरा डॉक्टर आणि चौथ्या दिवशी जुनी ट्यूब ठरलेली.

पुढे मूळचा असो वा मलमाचा, दोन्ही रोझेशियांत औषधं साधारण सारखी असतात. लावायला मेट्रोनिडाझोल, काहींना अ‍ॅझेलाइक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिन. फोड जास्त असल्यास तोंडावाटे एरिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन. मोठ्यांना हमखास दिली जाणारी टेट्रासायक्लिन गटातली औषधं आठ वर्षांखालच्या मुलांना या आजारासाठी देत नाहीत, कारण वाढत्या दातांवर कायमचे डाग पडतात. चेहऱ्याची लाली तात्पुरती उतरवणारं ब्रिमोनिडिनचं जेल प्रौढांसाठी आहे. ते लहान मुलांच्या हाती लागू नये, कारण बाळांत या औषधाने गुंगी येऊन श्वास मंदावण्याचा धोका असतो. पापण्यांसाठी दिवसातून एक-दोनदा कोमट पाण्याच्या घडीचा शेक आणि कडांची स्वच्छता, हे स्वस्तातलं आणि परिणामकारक काम महिनोन्‌महिने चालू ठेवावं लागतं. सोबत सौम्य साबण, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, टोपी. हळद-लिंबू, टूथपेस्ट, चुना यांतलं काहीही जळत्या कातडीवर नको.

स्टिरॉइडची भीती पसरवणं हाही उपाय नव्हे. इसबाच्या मुलाला योग्य तेजाचं, योग्य दिवसांचं स्टिरॉइड नाकारलं तर त्याची झोप, शाळा आणि कातडी तिन्ही बिघडतात. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, हे माप डॉक्टर शिकवतात. किती पेरं, किती दिवस आणि चेहऱ्यावर लावायचं की नाही, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं. मराठीत किंवा कन्नडमध्ये, घरातल्या ज्या माणसाच्या हातून मलम लागणार आहे त्याला वाचता येईल अशा भाषेत.

इथून पुढे

पालकांना करता येण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे घरातल्या सगळ्या ट्यूबा घेऊन दवाखान्यात जाणं, रिकाम्या झालेल्याही. "काही नाही, साधी क्रीम" या उत्तरामागे बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन किंवा डेक्सामेथासोन निघतं. ही पाच नावं आणि वेष्टनावरचं 'आरएक्स' हे चिन्ह ओळखता आलं तरी अर्धं काम झालं. दुसरी गोष्ट म्हणजे रांजणवाडी आणि लाल डोळ्यांची हकिकत त्वचेच्या डॉक्टरला, आणि गालांची हकिकत डोळ्यांच्या डॉक्टरला न विचारता सांगणं.

डॉक्टरांकडून अपेक्षा आहे ती दोन प्रश्नांची: गालावर काय लावलंत, आणि डोळ्यांना काय होतं. गावातला बीएएमएस किंवा एमबीबीएस डॉक्टर हे दोन प्रश्न विचारू शकतो. त्याला यंत्र लागत नाही. अंगणवाडीताई आणि आशाताई नायट्याच्या, खरजेच्या घरांत जातातच. तिथल्या फळीवरची ट्यूब कोणती, एवढं पाहून सांगणं त्यांच्या कामात सहज बसेल. बेळगाव, कोल्हापूर आणि मिरजेच्या त्वचारोग विभागांनी मुलांतल्या स्टिरॉइड चेहऱ्यांची एकाच नमुन्यात नोंद ठेवली, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या औषध निरीक्षकांना कुठल्या बाजारपेठेत पाहायचं ते कळेल.

मूळचा रोझेशिया टाळणं कोणाच्या हाती नाही. तो लवकर ओळखून मुलाचे डोळे वाचवणं हाती आहे. ट्यूबने आणलेला रोझेशिया पूर्णपणे टाळता येतो. त्यासाठी नवा कायदा नको, नवं रुग्णालय नको. २०१८ पासून लागू असलेला नियम पाळत मेडिकलच्या काउंटरमागच्या माणसाने प्रत्येक गिऱ्हाइकाला, ओळखीच्या गिऱ्हाइकालाही, विचारायला हवं: "चिठ्ठी आणलीय का?"